फॅशनच्या इतिहासात काम करायचंय, म्युझियममध्ये क्युरेटर व्हायचंय, तर आधी डिझाइनची डिग्री घ्यावी का?

नाही, डिझाइनची डिग्री लागत नाही. शिवणकाम मात्र यायला हवं.

तुम्ही लिहिलंय की इतिहासात बीए झालंय, कपड्यांची प्रचंड आवड आहे, पण तेवढ्यावर कुणी उभं करेल का आणि तिथे दिवसभर नक्की करतात काय ते कळत नाही. मी बरीच वर्षं एका म्युझियमच्या कपड्यांच्या विभागात काम करतेय म्हणून सांगते, इतिहासवाले या क्षेत्रात भरपूर आहेत. न्यूयॉर्कच्या एफआयटी (फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) या कॉलेजच्या म्युझियमचं नाव मोठं करणाऱ्या व्हॅलरी स्टील यांची पीएचडी येल युनिव्हर्सिटीतून, तीही युरोपच्या इतिहासात. न्यूयॉर्कच्याच मेट्रोपॉलिटन म्हणजे मेट म्युझियमच्या कॉस्च्युम इन्स्टिट्यूटचे, म्हणजे तिथल्या कपड्यांच्या विभागाचे, अँड्र्यू बोल्टन मानववंशशास्त्र शिकलेले. त्यामुळे ती काळजी सोडा.

आता शिवणकाम का, तर कपडा हाच आपला मुख्य पुरावा आणि तो आतून वाचायचा असतो. चित्रात आणि मासिकात लोकांना कसं दिसायचं होतं ते दिसतं, कपडा उलटा केला की खरं काय घातलं ते दिसतं. १८व्या शतकातले रेशमी गाऊन घ्या. तेव्हा शिलाईपेक्षा कापड कितीतरी महाग, म्हणून फॅशन बदलली की गाऊन उसवायचा, नव्याने बेतायचा आणि परत शिवायचा, आणि हे एकाच कापडाचं दोन-तीन वेळा झालेलं सापडतं, कधी आजीचा गाऊन नातीने १८४०च्या आसपास आपल्या मापाचा करून घेतलेला असतो. जुन्या टाक्यांची भोकं राहतात, जिथे घडी होती तिथला रंग अजून ताजा असतो, आणि १८५०नंतर कुणी हात लावला असेल तर हातशिलाईच्या मध्येच मशीनची टीप दिसते. लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात अ‍ॅना मारिया गार्थवेट नावाची बाई रेशमाच्या विणकामासाठी डिझाइन्स काढायची, तिची शेकडो चित्रं लंडनच्याच व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) म्युझियममध्ये आहेत आणि त्यातल्या बऱ्याच चित्रांवर तारीख आहे. म्हणजे एखाद्या कापडाची नक्षी तिच्या चित्राशी जुळली तर कापड कधीचं ते बऱ्यापैकी पक्कं कळतं, पण गाऊनचा बेत वीस-तीस वर्षांनंतरचा निघू शकतो! मग लेबलवर कुठलं साल लिहायचं? यावर आमच्यात खरोखर तासन्‌तास वाद होतात आणि माझ्या मते दोन्ही सालं लिहायलाच हवीत.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण तारखानच्या ड्रेसचं. फ्लिंडर्स पेट्री या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने इजिप्तमध्ये तारखान इथल्या थडग्यातून १९१३च्या सुमारास मळक्या लिननच्या कापडांचा एक गठ्ठा आणला, तो तसाच पडून होता. १९७७मध्ये तो साफ करायला दिला तेव्हा त्यात बारीक चुण्या घातलेला, बाह्यांचा एक ड्रेस निघाला. आता तो लंडनच्या पेट्री म्युझियममध्ये आहे. रेडिओकार्बन चाचणीत त्याचा काळ इ.स.पू. ३४८२ ते ३१०२ या दरम्यानचा निघाला. पण मला त्याच्या वयापेक्षा भारी वाटतं ते हे, की तो उलटा सापडला, डोक्यावरून काढताना होतो तसा, आणि कोपर आणि काखेजवळ वापराच्या सुरकुत्या आहेत. कुणीतरी तो खरंच घातला होता. गठ्ठा धुवून इस्त्री केली असती तर हे सगळं गेलं असतं.

आणखी एक गोष्ट पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवा, म्युझियममध्ये आहे तो काही अख्खा भूतकाळ नाही. लग्नाचे, सणासमारंभाचे, श्रीमंतांचे कपडे जपले गेले. कामाचे कपडे विरेपर्यंत वापरले, मग त्यांच्या चिंध्या झाल्या, आणि युरोपात त्या चिंध्यांचा कागद बनायचा. बारक्या मापाचे कपडेही जास्त उरले कारण ते दुसऱ्या कुणासाठी बेतता येत नव्हते. प्रदर्शनात लोक म्हणतात की पूर्वीची माणसं किती बारीक होती, तर त्यातला बराच भाग या उरण्याचा असतो.

दिवसभराचं काम म्हणाल तर प्रदर्शन हा छोटा भाग. नोंदी करणं, कपड्याची अवस्था लिहून ठेवणं, अ‍ॅसिड-फ्री कागद घालून घड्यांना आधार देणं, कसर लागलीय का बघत राहणं. प्रकाश साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) वर जाऊ द्यायचा नाही कारण उडालेला रंग परत येत नाही, म्हणून गॅलरीत एवढा अंधार असतो. पुतळा कपड्याच्या मापाचा करायचा, कपडा पुतळ्यावर कधीही ओढून बसवायचा नाही. आणि काही गोष्टी कितीही जपल्या तरी जातात. रेशमावरचा नैसर्गिक डिंक धुतला की वजन साधारण पाव भाग कमी होतं, ते भरून काढायला १९व्या शतकाच्या शेवटी व्यापारी रेशमात कथिलाचे क्षार भरायचे, ते रेशीम आता अंधाऱ्या खोक्यात ठेवलं तरी चिरत जातं. त्यामुळे जुने कपडे कुणाला घालू देऊ नयेत या मताची मी ठाम आहे, सेलिब्रिटी असली तरी. शरीराचा घाम आणि ताण एका संध्याकाळीत जे करतो ते आम्हाला उलटवता येत नाही.

शिक्षणासाठी, लंडनच्या कोर्टोल्ड इन्स्टिट्यूटमध्ये स्टेला मेरी न्यूटन यांनी १९६५मध्ये पोशाखाच्या इतिहासाचा पदव्युत्तर कोर्स सुरू केला, तिथून या विषयाला विद्यापीठात नीट जागा मिळायला लागली. एफआयटीमध्ये इतिहास आणि म्युझियमचं काम एकत्र शिकवणारं एमए आहे. कपडे दुरुस्त करणं, वाचवणं ही कॉन्झर्व्हेशनची वेगळी शाखा, तिला केमिस्ट्री लागते, तुमचं काम ते नसेल पण त्यांची भाषा कळली पाहिजे.

तोपर्यंत हातशिलाई शिका, धावदोरा, उलटी टीप, काज, सगळं. मग घरातला कुठलाही जुना शिवलेला कपडा उलटा करून फक्त दिसतं तेवढंच पानभर लिहा, अंदाज नंतर. बऱ्याच म्युझियममध्ये आधी वेळ घेऊन अभ्यासासाठी कपडे बघता येतात, मेलमध्ये कुठली वस्तू आणि का ते स्पष्ट लिहायचं. जाताना पेन नाही, पेन्सिल न्यायची. अंगठ्या, बांगड्या काढून ठेवायच्या, आणि मोजायची टेप मऊ कापडी हवी, धातूची नको.