बैलजोडीचा बिल्ला नेमका कोणत्या निवडणुकीचा?

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत बैलजोडीचे चित्र असलेला पत्र्याचा बिल्ला आणि एक प्रचारपत्रक सापडले. पत्रकावर साल नाही. ‘बैलजोडीच्या पेटीत मत टाका’ असे ठळक छापले असून तळाशी छापखान्याच्या नावापुढे ‘जि. दक्षिण सातारा’ असे आहे. या वस्तू कोणत्या निवडणुकीच्या असाव्यात? बिल्ल्यावरचा गंज चिंच लावून घासला तर चालेल का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : बैलजोडी हे त्या काळी काँग्रेसचे निवडणूक चिन्ह होते. आपल्या पत्रकातील ‘पेटीत मत टाका’ हे शब्दच कालनिर्णयाला सर्वाधिक उपयोगी आहेत. १९५१-५२ आणि १९५७ या पहिल्या दोन सार्वत्रिक निवडणुकांत मतपत्रिकेवर उमेदवारांची नावे नसत. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे, तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे आणि मतदार आडोशाला जाऊन आपल्या पसंतीच्या पेटीत मतपत्रिका टाकत असे. १९६२च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून नावे व चिन्हे छापलेल्या मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत आली, त्यामुळे प्रचाराची भाषाही ‘शिक्का मारा’ अशी बदलली. दक्षिण सातारा जिल्ह्याचे नाव १९६० मध्ये सांगली झाले, हा दुसरा पुरावाही याच्याशी जुळतो.

आता प्रश्न उरतो तो १९५२ की १९५७ एवढाच, आणि त्यासाठी पत्रकाचा मजकूर शांतपणे वाचावा लागेल. द्वैभाषिक मुंबई राज्य १ नोव्हेंबर १९५६ रोजी अस्तित्वात आले. त्या राज्याचे समर्थन किंवा संयुक्त महाराष्ट्र समितीवर टीका असेल, तर पत्रक १९५७चे आहे. तसे असल्यास ते विशेष मोलाचे मानावे, कारण समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबरदस्त धक्का दिला, त्या लढतीतील पराभूत बाजूचा युक्तिवाद त्यात वाचायला मिळतो.

बिल्ल्याबाबत मात्र घाई करू नये. बैलजोडी १९६७च्या निवडणुकीतही काँग्रेसचेच चिन्ह होती, त्यामुळे एकाच ट्रंकेत सापडला म्हणून तो पत्रकाच्याच वर्षाचा ठरत नाही. १९६९च्या फुटीनंतर हे चिन्ह गोठवले गेले आणि १९७१ मध्ये इंदिरा गांधींच्या काँग्रेसला गाय-वासरू, तर संघटना काँग्रेसला चरखा चालवणारी स्त्री हे चिन्ह मिळाले. काँग्रेसचा ‘हात’ १९७८चा. पण १९५१-५२ मध्ये फॉरवर्ड ब्लॉकच्या रुईकर गटाचे चिन्हही हातच होते, म्हणून केवळ चिन्ह पाहून पक्ष ठरवू नये.

चिंच, लिंबू किंवा भांडी घासण्याची पूड बिल्ल्याला अजिबात लावू नका. चित्र पत्र्यावर छापलेले असते. गंजाबरोबर रंगही निघून जाईल आणि गेलेला रंग परत आणता येत नाही. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटकून, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह तो झाकणाच्या डबीत ठेवावा. पत्रकाला चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये. आम्लविरहित कागदात ते सपाट ठेवावे, म्हणजे घडीवर फाटणार नाही. आजोबा कोणाच्या प्रचाराला जात हे सांगणारे कोणी घरात असेल, तर ती माहिती सांगणाऱ्याच्या नावासह वेगळ्या कागदावर लिहून त्याच डबीत ठेवावी.