दुबईतल्या हॉटेलात इंटर्नशिपसाठी जावं का?

प्रश्न: मी हॉटेल मॅनेजमेंटच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एक एजंट दुबईतल्या पंचतारांकित हॉटेलात सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळवून देतो म्हणतो, त्याचे दीड लाख मागतो. घरचे द्यायला तयार आहेत. जावं का?

दुबईला जरूर जा. या एजंटला दीड लाख देऊन मात्र जाऊ नका.

मी शिकत असताना दुबईत ट्रेनिंग केलं आणि आज फ्रंट ऑफिसमध्येच (हॉटेलच्या स्वागत काउंटरवर) नोकरी करतो, म्हणून तुमचा प्रश्न मला जवळचा वाटला. आधी पैशांचं बोलू. यूएईच्या 2021 च्या कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो, तो कामगाराकडून आडमार्गानेही वसूल करता येत नाही. भारतात परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असलेल्या एजंटला परदेशातल्या नोकरीसाठी 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी एवढीच फी घेता येते. 'इंटर्नशिप म्हणजे नोकरी नव्हे, हे नियम तुम्हाला लागत नाहीत' असं तुमचा एजंट म्हणेल. ठीक आहे, पण मग ज्यात नोकरीही नाही अशा गोष्टीचे पाचपट पैसे कशाचे? त्याचा नोंदणी क्रमांक मागा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. 'आधी व्हिजिट व्हिसावर या, तिथे बदलून घेऊ' असं कोणी म्हणालं तर बोलणं तिथेच थांबवा. व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे. 2024 च्या दुरुस्तीनंतर परमिटशिवाय माणूस कामाला लावणाऱ्या मालकाला 1 लाख ते 10 लाख दिरहम दंड आहे, त्यामुळे कुठलंही चांगलं हॉटेल या वाटेला जात नाही.

एजंटशिवाय कसं मिळणार? कॉलेजच्या प्लेसमेंट सेलकडे जा, तिथे गेलेले सीनियर शोधा, आणि हॉटेलच्या करिअर पानावरून सरळ अर्ज करा. मोठ्या हॉटेल कंपन्यांची भारतातही हॉटेलं आहेत. तिथल्या एचआरची शिफारस फार उपयोगी पडते. हे ट्रेनिंग लॉगबुकमध्ये (ट्रेनिंगच्या नोंदवहीत) धरलं जाईल का, तेही कॉलेजकडून आधी लेखी घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हॉटेलचं नाव आणि स्टायपेंड नंतर बघा, आधी कुठल्या विभागात किती आठवडे ते विचारा, आणि ते ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. दुबईचा सीझन ऑक्टोबर ते एप्रिल. त्या काळात बँक्वेटला, म्हणजे मोठ्या मेजवान्यांच्या विभागाला, माणसं कधीच पुरत नाहीत आणि ट्रेनी हा सगळ्यात सहज हलवता येणारा माणूस. कागदावर नुसतं 'एफ अँड बी (खाण्या-पिण्याचा विभाग) ट्रेनी' असेल तर सहा महिने ताटं उचलण्यात जाऊ शकतात. तेच 'हाउसकीपिंग, एफ अँड बी सर्व्हिस, फ्रंट ऑफिस' असं आठवड्यांसकट लिहिलेलं असेल, तर तुम्ही ट्रेनिंग मॅनेजरकडे जाऊन हक्काने बोलू शकता. नाव थोडं लहान असलेलं, पण तीन विभाग लेखी देणारं चार तारांकित हॉटेल मी डोळे झाकून निवडेन.

बँक्वेटला कमी लेखू नका, एवढंही सांगतो. रमजान सध्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऐन सीझनमध्ये येतो. इफ्तारचा बफे ज्याने सांभाळला त्याला पुढे कुठल्याच गर्दीची भीती वाटत नाही. एरवी बफेला पाहुणे दोन-अडीच तासांत विखरून येतात. इफ्तारला सगळं सभागृह भरून बसलेलं असतं, टेबलांवर खजूर आणि पाणी मांडलेलं असतं, सूर्यास्ताची अजान होते आणि मग शेकडो माणसं एकाच वेळी उठतात. त्या मिनिटाच्या आत सूप गरम हवं, ताटल्या पुरेशा हव्यात, आणि रिकामं होणारं भांडं ते रिकामं होण्याआधी बदललेलं हवं. आपल्याबरोबर जेवण वाढणारी फिलिपिनो, नेपाळी, केनियन, इजिप्शियन मुलंही त्याच धावपळीत असतात, त्यांच्यातली कित्येक स्वतः रोजा सोडून लगेच कामाला लागलेली. माणसांची अदब मी तिथे शिकलो, वर्गात नव्हे.

फ्रंट ऑफिसमध्ये तुमच्या मराठी-हिंदीचा फार उपयोग होईल. 2023 मध्ये दुबईत मुक्कामी आलेल्या पाहुण्यांत भारतीय जवळपास 24.6 लाख होते. मुंबईहून विमान जेमतेम तीन तासांचं, सकाळीच लॉबीत चाळीस-चाळीस जणांचा ग्रुप उभा राहतो आणि चेक-इन असतं दुपारी तीनला. आजी-आजोबा रात्रभर जागे असतात. अशा वेळी आधी बसायला जागा, पाणी आणि आपल्या भाषेतले दोन शब्द, पासपोर्ट त्यानंतर. दुसरा हमखास प्रश्न टुरिझम दिरहमचा. पंचतारांकित हॉटेलात दर खोलीमागे दर रात्री 20 दिरहम हॉटेलवर भरावे लागतात, आणि 'आम्ही तर सगळे पैसे टूरवाल्याला भरलेत' असं म्हणत लोक चिडतात. तीन खोल्या, चार रात्री म्हणजे 240 दिरहम, चिडणारच. हा सरकारी आकार आहे, हॉटेल तो खिशात घालत नाही, आणि डिपॉझिट म्हणून कार्डावर अडवलेली रक्कम ही वेगळी गोष्ट, हे दोन वाक्यांत शांतपणे सांगता आलं की ड्युटी मॅनेजर तुम्हाला काउंटरवरून हलवत नाही.

राहण्याचं म्हणाल तर स्टाफ अकोमोडेशन शेअरिंगचं असतं, शहराच्या मुख्य भागापासून लांब, आणि ने-आण हॉटेलच्या बसने. राहणं, ड्युटीवरचं जेवण, बस, व्हिसा आणि आरोग्य विमा हे पाचही ऑफरमध्ये लिहिलेले हवेत, मग स्टायपेंड कमी असला तरी निभतं. सुट्टीच्या दिवशी करामा किंवा बर दुबईत भारतीय जेवण मिळतं, आणि एक दिरहममध्ये अब्रा, म्हणजे तिथली छोटी होडी, तुम्हाला खाडीपलीकडे देइराला सोडते. पासपोर्ट मात्र कायम स्वतःजवळ ठेवा, मालकाने तो ठेवून घेणं तिथल्या कायद्याने मना आहे. अडचण आलीच तर दुबईत प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, 800 46342 वर फोन लावा.

सामानाबद्दल दोन गोष्टी. कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेली औषधं पूर्वपरवानगीशिवाय नेऊ नका, घरातलं खोकल्याचं औषधही वाचून घ्या. आणि तिथे खसखशीवर बंदी आहे. घरून अनारसे देणार असतील तर ते राहू द्या, आणि गोडा मसाला देणार असतील तर त्यात खसखस भाजून घातली आहे का ते आईला आधी विचारा.