टॅब दिला, पण मूल एकच बटण दाबतं

प्रश्न : मुलगा पाच वर्षांचा आहे, ऑटिझम आहे, बोलत नाही. टॅबवर चित्रांचं अ‍ॅप घालून दिलं, तर 'पाणी' हेच बटण दाबत बसतो, नाहीतर यूट्यूब उघडतो. अशाने पुढे बोलणारच नाही का?

उत्तर : ही भीती मनातून काढून टाका. चित्रांच्या आधाराने बोलणं खुंटत नाही. काही मुलांचे शब्द वाढतातही.

तेच बटण दाबणं ही त्याची बडबड आहे, बाळ 'बाबाबा' करतं तशी. हात धरू नका. दर वेळी घोटभर पाणी द्या, शब्दाला अर्थ येईल. यूट्यूब उघडू नये म्हणून अँड्रॉइडवर 'अ‍ॅप पिनिंग', आयपॅडवर 'गाइडेड अ‍ॅक्सेस' सुरू करा, म्हणजे टॅब एकाच अ‍ॅपवर राहतो. बोलण्यासाठी वेगळा टॅब परवडला तर उत्तम.

खरी गफलत बहुधा वेगळीच असते. आपण "दाखव, काय हवं?" विचारत राहतो, स्वतः टॅबला बोट लावत नाही. जेवताना तुम्ही 'अजून' दाबा, तोंडाने "अजून पोळी" म्हणा आणि दहा सेकंद गप्प राहा. त्याने काहीच दाबलं नाही तरी पोळी द्या. हे महिनोन्‌महिने करावं लागतं.

नुसती वस्तूंची नावं नकोत. 'नको', 'थांब', 'मदत' पहिल्याच पानावर हवेत. 'नको' दाबल्यावर खरंच थांबा. चित्रांच्या जागा बदलू नका, बोटाला त्या पाठ होतात.

आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे चित्रांचं अ‍ॅप मोफत आहे, मराठीतही चालतं. पहिल्या पानाची लॅमिनेट केलेली प्रत जवळ ठेवा. चार्जिंग संपलं तरी मुलाचं बोलणं अडू नये.