ऑइलचा रिपोर्ट आला, आता इंजिन उघडायचं का?

उन्हाळी नांगरट आणि रोटाव्हेटरचं काम उरकत आलं की आमच्याकडे पिकांपेक्षा ट्रॅक्टरचेच प्रश्न जास्त येतात. या वेळी तीन प्रश्न एकाच विषयाचे आहेत, म्हणून एकत्र घेतो.

प्रश्न : माझा ४५ एचपीचा ट्रॅक्टर ३,५०० तास चाललाय. या वेळी ऑइल १४० तासांनी बदललं आणि काढलेल्या ऑइलचा नमुना खासगी प्रयोगशाळेत दिला. रिपोर्टमध्ये लोखंड ११८, सिलिकॉन ४६, अ‍ॅल्युमिनियम १७, क्रोमियम ९, तांबं १२, शिसं ६, सोडियम ५ आणि जस्त १,१४० असे आकडे आहेत. मिस्त्री म्हणतो, जस्त एवढं आलंय म्हणजे बेअरिंग गेलं, इंजिन उघडा. काय करावं?

उत्तर : आधी ते जस्त बाजूला ठेवा. ते तुमच्या इंजिनातून आलेलंच नाही. ऑइल तयार करतानाच झीज रोखण्यासाठी जस्त आणि फॉस्फरस असलेलं द्रव्य त्यात मिसळतात. नव्या सीलबंद डब्यातलं ऑइल तपासलं तरी जस्त हजाराच्या आसपास दिसेल. कॅल्शियमचंही तसंच. रिपोर्टमधला सगळ्यात मोठा आकडा बघून घाबरणं म्हणजे माती परीक्षणात पालाश भरपूर दिसला म्हणून जमीन बिघडली असं समजण्यासारखं आहे.

आता झिजेचे आकडे. ते पीपीएममध्ये असतात, म्हणजे एक किलो ऑइलमागे इतके मिलिग्रॅम. तुमच्या इंजिनात सात किलो ऑइल धरलं, तर ११८ पीपीएम लोखंड म्हणजे एक ग्रॅमसुद्धा नाही. पण हा एवढासा चुरा कुठून निघाला ते कळतं, कारण इंजिनाचा प्रत्येक भाग वेगळ्या धातूचा असतो. लोखंड मुख्यतः लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी), क्रँक, कॅम आणि गिअरमधून येतं. क्रोमियम पिस्टन रिंगमधून, अ‍ॅल्युमिनियम पिस्टनमधून. शिसं, तांबं आणि कथील आलं तर संशय बेअरिंग आणि बुशांवर. तुमच्याकडे शिसं ६ आणि तांबं १२ आहे. यावरून बेअरिंग गेलं असं मी तरी म्हणणार नाही.

माझी नजर अडकली ती सिलिकॉनवर. सिलिकॉन म्हणजे बहुतेक वेळा माती. आपल्या धुळीत सिलिकासोबत अ‍ॅल्युमिनियमही असतं, त्यामुळे दोन्ही एकत्र वाढले की फुफाटा इंजिनात शिरतोय असं धरायचं. (नुकतंच इंजिन बांधलं असेल आणि पॅकिंगला सिलिकॉनचं सीलंट लावलं असेल, तर नुसतं सिलिकॉन वाढतं. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही.) धूळ आत गेली की पहिल्यांदा रिंग आणि लायनर घासतात, म्हणून लोखंड आणि क्रोमियम त्यांच्या मागोमाग आलेत. चारही आकडे एकच गोष्ट सांगतायत : एअर क्लीनरकडे बघा.

एअर क्लीनरपासून मॅनिफोल्डकडे, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या भागाकडे, जाणारा रबरी पाइप काढा आणि आतून पांढऱ्या फडक्याने पुसा. फडक्यावर माती आली, तर फिल्टर चुकवून धूळ आत जातेय. बहुतेक वेळा चोर किरकोळ निघतो : पाइपला खालच्या बाजूने गेलेली चीर, सैल झालेला क्लिप, किंवा क्लिपऐवजी बांधलेली तार. ऑइल बाथ क्लीनर (वाटीतल्या ऑइलमध्ये धूळ अडवणारा) असेल तर वाटीतलं ऑइल खुणेइतकं आहे का आणि तळाशी गाळ किती बसलाय ते धुळीच्या दिवसांत रोज बघायला हवं. खुणेपेक्षा जास्तही भरू नका, जादा ऑइल इंजिनात ओढलं जातं. कोरडा फिल्टर असेल तर तो टायरवर आपटून साफ करायची सवय सोडा. आपटल्याने कागदाला बारीक चिरा जातात आणि चांगला दिसणारा फिल्टर आतून चाळणी झालेला असतो.

एवढं करून नवं ऑइल आणि नवा ऑइल फिल्टर टाका, ७० तास काम करा आणि पुन्हा नमुना द्या. ७० तासच का, तर हिशेब सोपा पडतो. झीज आधीच्याच वेगाने चालू असेल तर निम्म्या तासांत लोखंड निम्मं, म्हणजे ५९च्या आसपास येईल. ते ३०-३५ वर आलं आणि सिलिकॉनही उतरलं, तर रोग सापडला. लोखंड किती आलं एवढ्यावर काही ठरत नाही, ते किती तासांत आलं हे बघायचं. म्हणून नमुन्याच्या बाटलीवर ऑइल किती तास चाललं, मध्ये किती लिटर वरून ओतलं आणि कोणत्या ग्रेडचं होतं हे लिहायलाच हवं. वरून ओतलेलं ऑइल आकडे पातळ करून टाकतं. आवर मीटर बंद असेल तर निदान डिझेलच्या लिटरांची नोंद ठेवा.

मात्र इंजिन आत्ताच ब्रेदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर मारत असेल आणि ऑइल खात असेल, तर पाइप बदलून झिजलेली रिंग परत येणार नाही. तेव्हा काम काढावंच लागेल, पण ते रिंग-लायनरचं. मिस्त्रीला तसं स्पष्ट सांगा.

नमुना घेण्याबद्दल : मातीचा नमुना बांधालगत किंवा उकिरड्याजवळ घेत नाही, तसंच इथेही. इंजिन गरम असताना ऑइल काढायचा खालचा बोल्ट उघडा, पहिली धार जाऊ द्या आणि मधल्या धारेखाली कोरडी, स्वच्छ बाटली धरा. हात भाजणार नाही याची काळजी घ्या. पाण्याची जुनी बाटली नको, दोन थेंब पाणीही रिपोर्ट बिघडवतं. आणि हा नमुना घेऊन कृपया माती परीक्षण केंद्रात जाऊ नका, एक जण खरंच आले होते.

प्रश्न : एकच ट्रॅक्टर आहे. दर वेळी प्रयोगशाळा परवडत नाही. ऑइल बोटांत चोळून कळत नाही का? शिवाय ते दोन दिवसांत काळं पडतं.

उत्तर : काळं पडण्यावरून ऑइल खराब ठरवू नका. डिझेल इंजिनात काजळी होतेच, आणि ती भिंतींवर बसू न देता स्वतःत धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. बोटांनी कण लागत नाहीत, कारण प्रयोगशाळेत मोजला जाणारा चुरा सहसा आठ-दहा मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक असतो. आपला केसच पन्नास-साठ मायक्रॉनच्या पुढे असतो. उलट गंमत अशी की मोठे तुकडे प्रयोगशाळेतल्या यंत्रालाही नीट दिसत नाहीत. ते तुम्हाला घरी सापडतात : जुना ऑइल फिल्टर करवतीने कापा, कागदाच्या घड्या उलगडा आणि लोहचुंबक फिरवा. चमकणारे कण दिसले तर रिपोर्टची वाट न बघता ट्रॅक्टर थांबवा.

पाण्याची शंका असेल तर जुना पत्रा तापवून त्यावर ऑइलचा एकच थेंब टाका. मोहरीसारखी तडतड झाली तर पाणी आहे. हे उघड्यावर आणि लांबून करा, घरातला तवा घेऊ नका. ऑइल ताकासारखं पांढुरकं दिसत असेल तर ही परीक्षाही नको, थेट हेड गॅस्केट आणि ऑइल कूलर तपासून घ्या. आणि डिपस्टिकवर ऑइल न ओतताच पातळी वाढत असेल, वास डिझेलचा येत असेल, तर नोझल किंवा पंपातून डिझेल खाली उतरतंय. ते ऑइल पातळ झालेलं असतं, त्यावर एक दिवसही काम करू नका.

प्रयोगशाळेवर पैसे घालायचेच असतील तर वर्षातून एकदा, धुळीचा हंगाम संपल्यावर घाला.

प्रश्न : जुना ट्रॅक्टर घ्यायचाय. ऑइल तपासून घेतलं तर फसवणूक टळेल का?

उत्तर : इंजिनाचं ऑइल तपासून फारसं हाती लागणार नाही. विकणारा आदल्या दिवशी ऑइल बदलून ठेवतो आणि रिपोर्ट धुतल्या तांदळासारखा येतो. त्यापेक्षा मागच्या हौसिंगमधल्या, म्हणजे गिअर आणि हायड्रॉलिकच्या ऑइलचा नमुना मागा. इंजिनात सात-आठ लिटर लागतं, तिथे बऱ्याच ट्रॅक्टरांत चाळीस-पन्नास लिटर असतं, त्यामुळे विकण्याआधी ते कोणी बदलत नाही. गिअरचं लोखंड, बुशांचं तांबं आणि लिव्हरच्या फाटक्या रबरातून शिरलेलं पाणी, सगळं त्यात साठलेलं सापडतं. मालक नमुना द्यायला नाही म्हणाला, तर तोही एक रिपोर्टच समजा.