आपलं ऊन, तिकडचं ऊन : रोलवर युरोप

युरोपात डिजिटलऐवजी रोलचा कॅमेरा नेणाऱ्यांकडून प्रश्न मागवले होते. एकाच धाटणीची पत्रं एकत्र करून त्यांतले आठ प्रश्न इथे घेतले आहेत.

दिवाळीच्या सुटीत पॅरिस, ॲमस्टरडॅम आणि प्राग, बारा दिवस. पेंटॅक्स के १००० आणि ५० मिमीची लेन्स आहे. किती रोल न्यावेत आणि कोणते?
— शिक्षक, अमळनेर

दिवसाला ३६ फोटोंचा एक रोल आणि वर दोन राखीव, म्हणजे चौदा. त्यातले नऊ रंगीत ४०० चे (हा रोलच्या वेगाचा आकडा, तो जितका मोठा तितका रोल कमी उजेडात चालतो; कोडॅक अल्ट्रामॅक्स, खिशाला परवडत असेल तर पोर्ट्रा), तीन काळे-पांढरे इल्फर्ड एचपी५ आणि दोनच २०० चे. इथे आपण २०० वर वर्षभर निभावतो. तिकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात ढग आले की दुपारी तीनलाच २०० चा रोल अपुरा पडतो. स्लाइडचा रोल पहिल्याच प्रवासाला नेऊ नका, त्यात अर्ध्या स्टॉपची (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) चूकही पोटात मावत नाही. रंगीत निगेटिव्ह जास्त प्रकाश आनंदाने सोसते, कमी प्रकाश मात्र सोसत नाही. म्हणून ४०० च्या रोलला कॅमेऱ्यावर २०० लावलं तरी चालतं. ८०० कधीच लावू नका.

सगळे रोल इथूनच नेले पाहिजेत असंही नाही. फोमापान हे काळे-पांढरे रोल चेक प्रजासत्ताकात, ह्रादेत्स क्रालोवे इथे बनतात आणि प्रागच्या कॅमेऱ्याच्या दुकानांत सहज मिळतात. जर्मनी वाटेत असेल तर 'डीएम'सारख्या साबण-शांपूच्या दुकानातही रंगीत रोल असतो.

के १००० च्या उजेड मोजणाऱ्या मीटरला बटण नाही, लेन्सवर उजेड पडला की ते चालू. पिशवीत ठेवताना लेन्सचं झाकण लावलंच पाहिजे, नाहीतर सेल लवकर संपतो. एसआर४४ चा एक जादा सेल खिशात ठेवा. एलआर४४ ही बसतो, पण त्याचा विजेचा दाब हळूहळू उतरतो आणि मीटर न कळत खोटं बोलू लागतं. रोल भरल्यावर पहिले दोन फोटो ओढताना डावीकडची रिवाइंडची घुंडी फिरते आहे का, हे बघायचंच. ती फिरत नसेल तर रोल दात्यात अडकलेलाच नाही. असा रोल ३६ वेळा 'काढून' घरी कोराच्या कोरा येतो.

विमानतळावरच्या एक्स-रेने रोल खराब होतो म्हणतात. शिशाची पिशवी घ्यावी का?
— रेल्वे कर्मचारी, भुसावळ

शिशाची पिशवी घेऊ नका. पडद्यावर काळा ठोकळा दिसला की तपासणारा पट्टा थांबवतो, पिशवी उघडायला लावतो आणि रोल पुन्हा आत पाठवतो.

पहिला नियम: सामानाच्या डिकीत जाणाऱ्या बॅगेत रोल कधीही टाकायचा नाही, कोरा नाही आणि काढलेलाही नाही. तिथली यंत्रं जोरदार असतात. एका फेरीत रोलवर धुरकट पट्टे येतात, कधी लाटेसारखे.

हातातल्या बॅगेसाठी दोन तऱ्हेची यंत्रं आहेत. जुन्या सपाट एक्स-रेतून ४०० चा रोल तीन-चार वेळा गेला तरी फरक दिसत नाही. नवी यंत्रं सीटी स्कॅनची, दवाखान्यात असतात त्याच जातीची. त्यातून एकदा गेलेला रोलही खराब होऊ शकतो: सावल्या राखाडी होतात, दाणा वाढतो, काळं काळं राहत नाही. कोडॅकनेही रोल सीटीतून नेऊ नका असंच सांगितलं आहे. यंत्र ओळखायची खूण सोपी. 'लॅपटॉप आणि बाटल्या बॅगेतच राहू द्या' असं सांगितलं की समोर बहुधा सीटी आहे. ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर तीच यंत्रं आहेत.

करायचं ते असं. रोल खोक्यातून आणि काळ्या डब्यांतून काढून एका पारदर्शक झिपच्या पिशवीत ठेवा आणि पिशवी बॅगेत सर्वांत वर. रांगेत ट्रे घेण्याआधीच ती हातात धरून 'हँड चेक प्लीज' म्हणा. मुंबईलाही तसंच. युरोपात हा तुमचा हक्क नाही, ती तपासणाऱ्याची मर्जी आहे. म्हणून हसतमुखाने मागायचं आणि विमानाच्या दोन ऐवजी तीन तास आधी पोचायचं. पिशवीत ३२०० चा एखादा रोल वरच दिसेल असा ठेवला की बोलणं सोपं जातं. कॅमेऱ्यात अर्धा रोल राहू देऊ नका. तो कॅमेऱ्यासकट आत जातो आणि त्यातला रोल कोणी हाताने तपासू शकत नाही.

त्याहून शहाणपणाचं म्हणजे विमानंच कमी करणं. आखातात विमान बदललं की तिथे पुन्हा तपासणी. एका शहरातून दुसऱ्या शहरात रेल्वेने गेलात तर बहुतेक गाड्यांना एक्स-रे नाही. लंडनला जाणारी युरोस्टार आणि स्पेनमधल्या वेगवान गाड्या मात्र याला अपवाद. आणि एक जागा हमखास विसरली जाते: व्हॅटिकन म्युझियमच्या दारातही बॅग एक्स-रेतून जाते. त्या दिवशी कॅमेऱ्यातला सोडून बाकीचे रोल खोलीवर ठेवा.

धुतलेल्या निगेटिव्हला एक्स-रे काहीच करत नाही. परतीच्या आधी दोन-तीन दिवस एकाच शहरात असाल तर तिथेच रोल धुवून घ्या. प्रिंट आणि स्कॅन इकडे होतील.

इथे २०० च्या रोलला एफ १६ आणि १/२५० लावतो, मीटर लागत नाही. फेब्रुवारीत व्हिएन्नात तसंच केलं, चारही रोलांच्या निगेटिव्ह पातळ. घरचे म्हणतात, 'फोटू काया पडनात' (काळे पडले).
— कापूस व्यापारी, पारोळा

रोलचा दोष नाही, सूर्याचा आहे. 'ऊन असेल तर एफ १६' हा नियम उंच सूर्याचा (एफ म्हणजे लेन्सचं भोक, आकडा लहान तितकं भोक मोठं; १/२५० म्हणजे शटर किती सेकंद उघडतं ते). जळगाव जिल्हा २१ अक्षांशावर आहे, व्हिएन्ना ४८ वर. फेब्रुवारीच्या मध्याला भर दुपारी आपल्याकडे सूर्य क्षितिजापासून ५६ अंशांवर असतो, तिथे जेमतेम २९. डिसेंबरात तर आपल्याकडचे ४५ आणि तिथले १८. इतका तिरपा सूर्य जास्त हवेतून येतो, मऊ होतो आणि अर्धा ते एक स्टॉप कमी पडतो. शिवाय समोरची पाच मजली इमारत तो अडवते, म्हणून 'ऊन आहे' असं वाटणाऱ्या गल्लीत तुम्ही खरं तर सावलीत उभे असता. सावली म्हणजे एफ १६ वरून थेट एफ ४, चार स्टॉपचा फरक.

२०० चा रोल आणि १/२५० धरून हे पाठ करा. उंच, कडक ऊन: एफ १६. हिवाळ्यातलं ऊन: एफ ११. पातळ ढग: एफ ८ ते ११. गच्च ढग: एफ ५.६. मोकळी सावली: एफ ४. डिसेंबरात दुपारी तीननंतर यातून आणखी एक स्टॉप उघडा. तेव्हा व्हिएन्नात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, पॅरिसला पाचच्या आत.

मीटर असलेल्यांचीही एक फसगत होते. ढगाळ आकाश पांढरंफेक असतं. ते चौकटीत आलं की मीटर म्हणतं 'भरपूर उजेड', आणि इमारती काळ्या. कॅमेरा खाली करून पायाखालच्या दगडी फरशीवर मोजा, आकडा लावा, मग वर करून फोटो काढा. मीटर नसेल तर मोबाइलवरचं लाइट मीटरचं ॲप पुरतं.

या तिरप्या सूर्याचा फायदाही आहे. आपल्याकडे नऊ वाजले की चेहऱ्यावर डोळ्यांच्या खोबण्या काळ्या होतात. तिथे हिवाळ्यात दिवसभर बाजूने उजेड येतो. जूनमध्ये पॅरिसला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा जेवण उरकून निघालात तरी सोनेरी उजेड सापडतो.

इमारती मागे पडल्यासारख्या येतात. लेन्स बदलू का?
— चोपडा

कॅमेरा वर कलला की उभ्या रेषा वर जाऊन जवळ येतात, कोणतीही लेन्स असो. कॅमेरा सरळ ठेवा, उभा धरा आणि मागे जा. २० मीटर उंचीची इमारत सरळ कॅमेऱ्यात पूर्ण मावायला ५० मिमी लेन्सला सुमारे ५० मीटर मागे जावं लागतं, २८ मिमीला २९ मीटर. खालचा अर्धा भाग रिकाम्या रस्त्याचा येईल, तो प्रिंटमध्ये कापा किंवा त्यात एखादी सायकल येऊ द्या. समोरच्या जिन्यावरून, दुसऱ्या मजल्यावरून काढलं तर निम्मं काम होतं. जुन्या शहरांतल्या दहा मीटरच्या गल्लीत यातलं काहीच जमत नाही. तिथे मुद्दाम पार वर कलवा. अर्धवट कललेला फोटो चूक वाटतो, पूर्ण कललेला हेतू वाटतो.

चर्चच्या आत आणि रात्रीच्या पुलांवर फ्लॅश चालत नाही. ट्रायपॉड न्यावा का?
— धुळे

बऱ्याच चर्च आणि म्युझियममध्ये फ्लॅश आणि ट्रायपॉड दोन्ही बंद असतात. आतल्या उजेडाचा सराव करायला युरोपपर्यंत जायला नको. अजिंठा जळगावहून साठेक किलोमीटर, तिथेही लेण्यांत फ्लॅश चालत नाही. एक रोल तिथे घालवा: एफ २, १/३०, खांबाला खांदा टेकवून, श्वास अर्धा सोडून. किती फोटो हलले ते मोजा, म्हणजे आपला हात कळेल.

दिव्यांनी उजळलेल्या इमारतींना ८०० च्या रोलवर एफ २, १/३० साधारण बसतं. एचपी५ ला १६०० धरलं तर एफ २, १/६०. मग तो आख्खा रोल १६०० वरच काढायचा आणि धुताना वेळ वाढवायची: आयडी-११ (चित्र उमटवणारा डेव्हलपर) न पातळ करता, २० अंशाला साडेसात मिनिटांऐवजी १४. डबीवर मार्करने '१६००' लिहा, नाहीतर महिन्याने कोणता तो आठवत नाही. पॅरिसच्या सेंट शापेल चर्चमध्ये उजेड रंगीत काचांवरून मोजा आणि भिंती काळ्या जाऊ द्या. दोन्ही एका फोटोत मिळत नाहीत.

ट्रायपॉडऐवजी कापडी पिशवी न्या आणि तिथे अर्धा किलो तांदूळ घेऊन भरा. प्रागच्या चार्ल्स पुलाच्या दगडी कठड्यावर कॅमेरा त्यात छान बसतो. निघताना तांदूळ शिजवून टाका. केबल रिलीज (कॅमेऱ्याला हात न लावता बटण दाबायची तार) हवीच, विशेषतः के १००० वाल्यांना, कारण त्या कॅमेऱ्याला सेल्फ टायमर नाही. लांब एक्सपोजरला रोल सुस्तावतो: मीटरने १० सेकंद सांगितले तर एचपी५ ला २० द्या, ३० सांगितले तर सुमारे ८५. फोमापान १०० फारच सुस्त, १० चे ८० करावे लागतात.

वडिलांचा कॅमेरा वीस वर्षं कपाटात होता. तोच न्यावा म्हणतो.
— केळी उत्पादक, रावेर

न्या, पण आधी मागचं झाकण उघडून कडेचा काळा फोम बोटाने दाबा. चिकट झाला असेल किंवा भुगा पडत असेल तर उजेड आत शिरतो आणि फोटोवर नारिंगी पट्टे येतात. फोम बदलणं स्वस्त काम आहे. लेन्समधून टॉर्च पाडून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी आहे. शटर १ सेकंदाला लावून ऐका, मग १/१००० ला. दोन्हीचा आवाज सारखा आला तर शटर अडकतं आहे. निघायच्या महिनाभर आधी एक रोल काढून धुवा. कोरे रोल फ्रिजमध्ये ठेवत असाल तर बाहेर काढल्यावर दीड तास डबी उघडू नका, घाम येतो. तिकडे थंडीतून गरम हॉटेलात शिरताना कॅमेऱ्यालाही तोच घाम येतो. तेव्हा दाराबाहेरच तो झिपच्या पिशवीत बंद करा आणि तासाभराने काढा. कडाक्याच्या कोरड्या थंडीत रोल सावकाश गुंडाळा. घाईत ठिणगी पडून त्यावर विजेसारख्या रेघा उमटतात.

रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढले तर कोणी अडवेल का?
— शहादा

देशोदेशी वेगळं. हंगेरीत २०१४ पासून फोटो काढायलाच त्या माणसाची संमती लागते, गर्दीचा फोटो वेगळा. जर्मनीत ओळखू येणाऱ्या माणसाचा फोटो छापायला संमती लागते. ॲमस्टरडॅमच्या लाल दिव्यांच्या गल्लीत खिडक्यांकडे कॅमेरा रोखूच नका. आयफेल टॉवर घरच्या अल्बमसाठी कधीही काढा. रात्रीची रोषणाई दुकानाच्या कॅलेंडरवर छापायची असेल तर मात्र परवानगी लागते.

रोल घरीच धुतो. मे महिन्यात नळाचं पाणी ३५ अंशांच्या वर. काळे-पांढरे रोल कसे धुवू?
— पाचोरा

गच्चीवरच्या टाकीचं पाणी मे महिन्यात रंगीत रोलला जवळपास तयारच असतं, कारण सी-४१ या रंगीत रोल धुण्याच्या पद्धतीला डेव्हलपर ३७.८ अंश आणि वेळ सव्वातीन मिनिटं. काळ्या-पांढऱ्याला तेच पाणी घातक. एचपी५ आणि आयडी-११ (एकास एक पाणी) २० अंशाला १३ मिनिटं. २० गाठता येत नसेल तर २४ वर करा आणि साडेनऊ मिनिटं धरा. त्याहून गरम करू नका. वेळ पाच मिनिटांच्या खाली गेली की डाग पडतात.

पसरट घमेल्यात पाणी आणि बर्फ घालून त्यात डेव्हलपर, हायपो (चित्र पक्कं करणारं रसायन) आणि धुण्याचं पाणी अशा सगळ्या बाटल्या अर्धा तास उभ्या ठेवा. थर्मामीटर बाटलीत बुडवा, घमेल्यात नाही. डेव्हलपर थंड आणि धुण्याचं पाणी थेट नळाचं, ही सर्वांत मोठी चूक. अचानक दहा-पंधरा अंशांचा फरक पडला की रोलवरचा थर सुरकुततो आणि फोटोवर भेगाळलेल्या मातीसारखी नक्षी येते. ती परत जात नाही.

पाणीटंचाईत वाहत्या पाण्याखाली धुवायचीही गरज नाही. हायपोनंतर रोल धुण्याची छोटी बंद टाकी भरून पाच वेळा उलटी-सुलटी करा आणि पाणी ओता. पुन्हा भरून दहा वेळा, तिसऱ्यांदा वीस वेळा. छोट्या टाकीला एक लिटरच्या आत काम होतं. बोअरचं पाणी जड असतं, वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात. म्हणून शेवटचं पाणी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड, त्यात फोटो-फ्लो या डाग न पडू देणाऱ्या द्रवाचे दोन-तीन थेंब. रोल न्हाणीघरात टांगा, पंखा बंद, आणि टांगण्याआधी एक बादली गरम पाणी ओतून वाफ होऊ द्या, म्हणजे धूळ खाली बसते.