गावात आलंय, आखाड्यावर येईना

प्रश्न : आमचा आखाडा (शेतातलं घर) गावापासून अडीच किलोमीटरवर आहे. लग्नानंतर मी इथं राहायला आले. पुण्यातल्या एका ऑफिसचं हिशेबाचं काम घरून करते. पत्र्याच्या घरात मोबाइलला रेंज नाही. बांधावरच्या आंब्याखाली दोन काड्या येतात, म्हणून मीटिंग असली की खुर्ची घेऊन तिथं बसते. गावात केबलवाल्याचं फायबर आहे, पण तो म्हणतो शेतात खांब नाहीत, वायर ओढणार नाही. एकजण साडेसहा हजारांत बूस्टर बसवून देतो म्हणतो. दीर म्हणतात थांबा, आता सॅटेलाइटचं इंटरनेट येतंय. काय करू?
— एक वाचक, ता. जिंतूर, जि. परभणी

उत्तर : ताई, आधी त्या बूस्टरवाल्याला चहा पाजून वाटेला लावा. परवानगीशिवाय मोबाइलचा बूस्टर विकणं आणि लावणं आपल्याकडे बेकायदा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी ते यंत्र टॉवरच्या कानाशी ओरडत बसतं. तुमच्या घरात चार काड्या दिसतील आणि अख्ख्या गावाचे कॉल तुटायला लागतील. दूरसंचार खात्यात लाइनवर ३४ वर्षं काढली, त्यात असे दोन डबे मी स्वतः छपरावरून उतरवलेत.

दिरांचं म्हणणं खोटं नाही. सॅटेलाइटवरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीला जून २०२५ मध्ये केंद्राचा परवाना मिळाला. नोव्हेंबरात राज्य सरकारने त्यांच्याशी इरादापत्रही केलं, त्यात मराठवाड्यातून धाराशिवचं नाव घेतलं गेलं, परभणीचं नाही. पण परवाना मिळाला म्हणजे छपरावर ताटली बसली असं होत नाही. सेवा आणि दर दोन्ही हातात येतील तेव्हा बघा. तुमची मीटिंग तोवर थांबणार नाही.

आता तुमच्या पत्रातली महत्त्वाची ओळ : गावात फायबर आहे. गावं फायबरने जोडायची सरकारी योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली, २०१५ पासून तिला भारतनेट म्हणतात. ती आखली होती ग्रामपंचायतीपर्यंत. पुढच्या वाड्या, तांडे, आखाडे ज्याचे त्याने बघायचे. म्हणजे तुमची अडचण अडीच किलोमीटरची आहे, आणि ती हवेतून सुटते.

गावातल्या घरी तुमच्या नावाने कनेक्शन घ्या. तिथं एक आणि आखाड्यावर एक असे दोन रेडिओ, म्हणजे नेट हवेतून पाठवणारी-घेणारी यंत्रं, समोरासमोर लावा. ५ गिगाहर्ट्झचे, ताटली किंवा पाटीसारखे दिसणारे. या पट्ट्याला २०१८ पासून घरापाठोपाठ बाहेर वापरायलाही वेगळा परवाना लागत नाही. साधी जोडी आठ-दहा हजारांत येते. चांगली बसली तर पन्नासेक एमबीपीएसचा वेग सहज मिळतो. व्हिडिओ कॉलला तीन-चार पुरतात.

‘चांगली बसली तर’ म्हणालो, कारण इथंच मी आपटलोय. माझ्या शेतात पहिली जोडी बसवली ती फेब्रुवारीत. ज्वारी आडवी झालेली, कडुनिंब झडलेला, आखाड्यावरून गावातल्या पाण्याच्या टाकीचं अक्षर न् अक्षर दिसत होतं. पाच मीटरचा पाइप ठोकला, काम फत्ते. श्रावणात नेट मरायला लागलं. पाऊस थांबला की जरा बरं, वारं सुटलं की बंद. मी आठ दिवस राउटरला शिव्या घातल्या. दोष राउटरचा नव्हताच, मधल्या रानात भाऊबंदाने लावलेला ऊस वर आला होता आणि निंबाला पाला फुटला होता. ओला पाला हा सिग्नल पिऊन टाकतो.

दोन रेडिओंमधली वाट सुतळीसारखी बारीक नसते. ती पखवाजासारखी असते, टोकांना निमुळती आणि मध्ये फुगीर. तुमच्या अडीच किलोमीटरला मधोमध हा फुगवटा सुतळीच्या खाली-वर साधारण पावणेसहा मीटर येतो. त्यातला निदान साडेतीन मीटर मोकळा लागतो. ऊस तीन मीटर धरा. म्हणजे जमीन सपाट असेल तर मध्यावर ही रेषा साडेसहा-सात मीटर उंच हवी. रात्री गावातल्या छपरावरून कुणीतरी हातबॅटरी दाखवली आणि ती आखाड्यावरून दिसली, तर पहिली परीक्षा पास. पण पखवाजाचं पोट बॅटरीला कळत नाही, ते पायी चालत जाऊन झाडं आणि पिकं बघूनच कळतं. म्हणून ही पाहणी भाद्रपदात करा, चैत्रात नको.

गावातलं घर माळवदाचं असेल तर पाइप माळवदावर रोवू नका. भोक पडलं की पांढऱ्या मातीचा थर फुटतो, पहिल्याच पावसात घरात परात ठेवावी लागते आणि सासऱ्यांची बोलणी वेगळी. भिंतीला बाहेरून दोन क्लॅम्प मारा. पाइपला स्वतंत्र अर्थिंग द्या. मृगातल्या विजांनी माझी दुसरी जोडी गेली, तेव्हा अर्थिंगचे पैसे वाचवल्याचा हिशेब कळला. ढग गडगडायला लागले की राउटरकडे येणारी वायर काढून ठेवा.

जोडी जुळवता येत नसेल, कुणी मधे डोंगर आणला असेल, तर दुसरी वाट सिमच्या राउटरची. बाहेरचा अँटेना लागेल असा घ्या आणि अँटेना पत्र्याच्या वर पाइपवर चढवा. पत्रा सिग्नल अडवतो, म्हणूनच तुमची आंब्याखालची बैठक. विकत घेण्याआधी फोनच्या सेटिंगमध्ये ‘सिम स्टेटस’ उघडा. तिथं उणे आकडा दिसतो. -९५ च्या आसपास असेल तर काम होतं, -११५ असेल तर पैसे पाण्यात. कोणत्या कंपनीचा टॉवर कुठल्या दिशेला आहे ते दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावर नकाशात दिसतं. कंपनी निवडताना एवढं लक्षात ठेवा की ९०० मेगाहर्ट्झचा सिग्नल लांब चालतो, २३०० चा लवकर दमतो. आणि चाचणी सकाळी एकदा, रात्री नऊला एकदा अशी आठ दिवस घ्या. रात्री सगळं गाव त्याच टॉवरवर असतं.

राहिली लाइट. तुमचा आखाडा शेतीच्या फीडरवर असणार, म्हणजे आठ तास, तेही कधी दिवसा तर कधी रात्री. राउटर आणि रेडिओ मिळून दहा-बारा वॅट खातात, बल्बएवढंच. फवारणी पंपाची १२ व्होल्ट ८ अँपिअरची बॅटरी घरात असेलच, ती अर्धी वापरली तर चारेक तास निघतात. मात्र बरेच रेडिओ २४ व्होल्टवर चालतात. मागची पाटी वाचल्याशिवाय वायर जोडू नका, उलटसुलट तर अजिबात नको. गावातल्या घरी तशीच दुसरी बॅटरी लागेल. हे लोक विसरतात आणि आखाड्यावर सगळे दिवे हिरवे असताना नेट का नाही म्हणून मला फोन करतात.

केबलवाल्याशी भांडू नका. कनेक्शन घेताना आखाड्यावर नेणार हे त्याला सांगून टाका. चार शेजाऱ्यांना पैसे घेऊन वाटणार असाल तर मात्र तो वेगळा, परवान्याचा विषय आहे.

प्रश्न : कारखाना सुरू झाला की उसाच्या ट्रॉलीत अडकून आमची केबल तुटते. गेल्या हंगामात तीनदा. जोडल्यावर नेट हळू चालतं. हे असंच असतं का?
— एक वाचक, ता. कळंब, जि. धाराशिव

उत्तर : नाही. जोड कसा मारला ते बघा. मशीनने काच वितळवून मारलेल्या जोडात प्रकाश नावालाच वाया जातो; घाईत क्लिप लावली तर त्याच्या कितीतरी पट. तीन क्लिपा म्हणजे तीन गळक्या तोट्या. पुढच्या वेळी लाइनमन आला की त्याच्या प्रकाश मोजायच्या मीटरवरचा आकडा वहीत लिहून घ्या. -२० च्या आसपास असेल तर निवांत राहा. -२७ झाला असेल तर लाल दिवा लागायच्या बेतात आहे, तेव्हा रस्त्यावरचा तेवढा तुकडा नवा आणि सलग टाकून मागा. रस्ता ओलांडताना केबल जीआय तारेला बांधलेली हवी, झोळ न ठेवता, आणि ट्रॉलीच्या वर ऊस किती रचतात ते दिवाळीनंतर एकदा उभं राहून बघून मगच उंची ठरवायला लावा.