‘फाम फताल’ला विषकन्या म्हणावं का?

प्रश्न असा आहे: फिल्म न्वारमध्ये, म्हणजे जुन्या काळोख्या अमेरिकी गुन्हेपटांत, नायकाला नादी लावून गोत्यात आणणारी जी बाई असते, फ्रेंचांची ‘फाम फताल’, तिला मराठीत ‘विषकन्या’ म्हटलं तर चालेल का?

मला नाही पटत. विषकन्या दुसऱ्याच्या हातातलं हत्यार असते. ‘मुद्राराक्षस’ या संस्कृत नाटकात नंदांचा अमात्य राक्षस तिला चंद्रगुप्तावर सोडतो, चाणक्य ती परस्पर पर्वतक या राजाकडे वळवतो आणि पर्वतक मरतो. तिला स्वतःला काय हवं होतं, हे कोणी विचारतही नाही. रंगमंचावर ती येतसुद्धा नाही.

आता १९४७चा ‘आउट ऑफ द पास्ट’ हा न्वारपट घ्या. जेन ग्रीरची कॅथी एका बड्या जुगाऱ्यावर गोळ्या झाडून पळालेली असते, सोबत ४०,००० डॉलर गायब. तिला हुडकायला त्याने धाडलेला रॉबर्ट मिचम तिला मेक्सिकोत गाठतो आणि तिच्याच प्रेमात पडतो. पैसे मी घेतले नाहीत, असं ती कळवळून सांगते, तेव्हा त्याचं उत्तर एवढंच की मला त्याची पर्वा नाही. या बाईला कोणीही पाठवलेलं नाही. पैसा तिला हवाय, मोकळीक तिला हवीय, आणि त्यापायी कोणाचा बळी द्यायचा ते तीच ठरवते.

‘मोहिनी’चीही तीच अडचण, ते रूप देवांच्या कामासाठी घेतलेलं. ‘कैदाशीण’ म्हणावं तर मिचम तिच्यावर भाळला कसा, हेच कळेनासं होतं!

मी ‘जीवघेणी’ म्हणेन. अपघातही जीवघेणा असतो आणि एखादीचं हसूही. न्वारला नेमकं हे दुहेरीपण लागतं. उणीव एकच: ‘फताल’च्या मुळाशी लॅटिनमधला नियतीचा शब्द आहे, तो अर्थ आपल्या शब्दात येत नाही.

जाता जाता ‘न्वार’बद्दल. उच्चार नॉयर नव्हे. नीनो फ्रँक या समीक्षकाने १९४६ साली पॅरिसमध्ये अमेरिकी गुन्हेपटांना हे नाव लावलं. खुद्द हॉलिवूड तेव्हा त्यांना मेलोड्रामा म्हणत होतं. ‘न्वार’ म्हणजे काळा, पण त्याचं ‘काळा चित्रपट’ करू नये. आपल्याकडे काळा बाजार, काळा पैसा असल्यामुळे तो करबुडव्या निर्मात्याचा सिनेमा वाटेल. ‘न्वारपटातली जीवघेणी नायिका’ असं खुशाल लिहा. खलनायिका मात्र लिहू नका, कारण तसं म्हटलं की नायिका दुसरीच कोणी ठरते, आणि ती बहुतेकदा लक्षातही राहत नाही.